हाईम वाकरूळकरांचे पुढचे दोन दात

इस्राएलच्या वाळवंटातल्या डिमोनात रांगेतला नंबर कोणी कोणाला देत नसे. पावाच्या दुकानात नाही, बसच्या थांब्यावर नाही, आणि दातांच्या दवाखान्यात तर नाहीच नाही. हाईमकाका वाकरूळकरांनी तो दिला, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

काका मूळचे मुंबईच्या उमरखाडीतले, कापडगिरणीत फिटर. डिमोनातही गिरणीतच लागले होते. त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात त्यांची खालची उजवी दाढ ठणकायला लागली. व्हायोलेटकाकूंनी लवंग दिली, लवंगेचं तेल दिलं, आणि शेवटी दम दिला, तेव्हा काका दवाखान्यात गेले. नर्सनं दुखणं विचारून कागदावर लिहिलं आणि पत्र्याचा नंबर हातात ठेवला. काका बाकावर टेकतात न टेकतात तोच मिरियामबाई आली. ही रुमानियाची, काकांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारी, अंगानं भरदार आणि दिवसभर सूर्यफुलाच्या बिया फोडणारी. बसायला जागा नव्हती. ती तोंडाला रुमाल लावून उभी राहिली.

आता बाईमाणूस उभं आणि आपण बसलेले, हे उमरखाडीत वाढलेल्या माणसाला कसं सहन होणार? काकांनी उठून जागा दिली. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण चांगुलपणा एकदा अंगात आला की काकांना आवरत नसे. त्यांनी आपला नंबरही तिच्या हातावर ठेवला आणि तिचा, बराच मागचा, स्वतःकडे घेतला.

सगळ्या दवाखान्याच्या माना वळल्या. हा माणूस हिला नंबर का देतोय? एका मोरोक्कन म्हाताऱ्यानं तर विचारलंच, "आत काय झालंय? डॉक्टर धड नाही का?" मिरियामबाईनं नंबर उलटसुलट करून पाहिला, काकांकडे संशयानं बघितलं आणि पाळी आली तशी आत गेली.

आत डॉक्टरच्या टेबलावर रोग्यांचे कागद नंबराच्या क्रमानं लावून ठेवलेले होते. डॉक्टर रूवेन तरुण होता, नुकताच लागलेला. बाहेर एवढी माणसं ओरडत असली की नाव विचारायचं भान राहत नाही. त्यानं समोरचा कागद वाचला, 'खालची उजवी दाढ', आणि मिरियामबाईची ठणठणीत खालची उजवी दाढ उपटून काढली. ती ओरडली, पण त्या खुर्चीत ओरडणाऱ्याकडे कोण लक्ष देतो? पुढे काकांची पाळी आली. कागद मिरियामबाईचा. 'वरचे पुढचे दोन, हलतात.'

काका ओरडले नाहीत. डॉक्टरला मध्येच टोकायचं नसतं, हेही त्यांना उमरखाडीनंच शिकवलं होतं. शिवाय त्यांना त्यात फिटरचं शास्त्र दिसलं. गिरणीत खालच्या मजल्यावर पाइप गळायला लागला की वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह बंद करतात. दुखतंय खाली आणि हा काढतोय वर, म्हणजे माणूस हुशार आहे, असं काकांनी ठरवलं. पहिला दात निघाला तेव्हा त्यांना कौतुक वाटलं. दुसरा निघाला तेव्हा जरा शंका आली. पण उठताना त्यांनी डॉक्टरचे आभार मानले, इंग्रजीतून.

व्हायोलेटकाकूंनी दार उघडलं आणि किंचाळल्या.

"अवो, दाढ काढाय गेलावता ना? ह्ये काय करून आलाव?"

"वरचा व्हॉल्व्ह..." काका सांगायला गेले, आणि तोंडातून नुसती हवा सुटली. संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि दाढ होती तशी ठणकायला लागली. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. डॉक्टर रूवेननं कागद काढले, काकांचं नाव विचारलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो उठून उभा राहिला. "अदोन वाकरूळकर," तो 'साहेब' म्हणावं तशा अदबीनं म्हणाला, "मी तुम्हाला..."

"डॉक्टर, एक शब्द बोलायचा नाही!" मागून दवाखान्याचा व्यवस्थापक गिदोन ओरडला. "असल्या वेळी जो बोलतो तो कोर्टात अडकतो. अदोन, दवाखाना तुम्हाला दोन कवळीचे दात फुकट बसवून देईल. आणखी काही असेल तर लेखी द्या."

डॉक्टरनं तोंड मिटलं आणि खाली बसला. काकांनी गिदोनला आपल्या कामापुरत्या हिब्रूत सांगितलं, की दात द्या, हरकत नाही, पण आधी यानं 'चुकलो' म्हणावं. गिदोन म्हणाला, दात मिळतील, तो शब्द मिळणार नाही.

हेच काकांच्या काळजाला लागलं. गिरणीत त्यांच्या हातून एकदा पट्टा सुटून साहेबाच्या डोक्यावरची हॅट उडाली होती, तेव्हा ते सगळ्या खात्यासमोर 'सॉरी साहेब' म्हणाले होते. आणि इथे दोन दात घेऊन माणूस गप्प बसतो? जवळच्या बिर्शेबा शहरात जाऊन त्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडून ती मूळची दाढ काढून घेतली. दुखणं गेलं, पण राग जाईना. डॉक्टरच्या तोंडून तो एक शब्द ऐकल्याशिवाय आपण स्वस्थ बसणार नाही, असं त्यांनी अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. जिन्यात मिरियामबाई उभी होती. तिनं स्वतःच्या गालावर बोट ठेवलं, मग तेच बोट काकांवर रोखलं आणि रुमानियनमध्ये काहीतरी बोलली. ते आशीर्वाद नव्हते, एवढं कळत होतं.

"तिला काय झालं?" काका म्हणाले. "मी तर तिला माझा नंबर दिला!"

बिर्शेबात अ‍ॅडव्होकेट नेहेमिया चेऊलकर होते. मुंबईला वकील झालेले, इथे येऊन पुन्हा परीक्षा दिलेले, आणि आपल्या माणसांशी मराठीत बोलणारे. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं, तोंड उघडायला लावून आत पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"हाईमकाका, तुमच्यापुढे तीन वाटा. एक, दवाखान्याच्या मंडळाकडे तक्रार. मंडळावर डॉक्टरच बसतात. ते चहा पितील आणि तुमच्याबद्दल हळहळ व्यक्त करतील. दोन, कोर्टात हलगर्जीपणाचा दावा. त्याला दुसरा डॉक्टर लागतो, जो शपथेवर सांगेल की पहिल्यानं चूक केली. असा डॉक्टर सापडेपर्यंत आपल्या दोघांचेही सगळे दात गेलेले असतील. तीन, तडजोड. ते कवळी देतायत, घ्या आणि गप बसा."

"आनि 'चुकलो' बोलायची वाट कुठची?"

"तशी वाट नाही. कोर्ट भरपाई देतं. 'चुकलो' देत नाही."

"मना भरपाई नको."

"मग कोर्ट विचारेल, आलात कशाला?" चेऊलकरांनी पेन उचललं. "दावा लावला की मात्र एक होतं. डॉक्टरला कोर्टात उभं राहून सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. चुकलास का, असं मी त्याला तोंडावर विचारीन. तुमचा शब्द मिळाला तर तिथेच मिळेल. पण त्यासाठी नुकसान दाखवावं लागेल. दोन दातांचं नुकसान ते कवळीत भरून देतात. दातांमुळे आणखी काय गेलं?"

काकांनी जिभेनं वरची मोकळी जागा चाचपली. मग म्हणाले, "शोफार गेलं."

डिमोनातल्या बेने इस्राएल मंडळींचं, म्हणजे कोकण-मुंबईकडून आलेल्या मराठी यहुद्यांचं, सिनेगॉग म्हणजे एक लांबट खोली होती, आणि नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशाना या यहुदी नववर्षाला, तिथे शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकायचा मान हाईमकाकांचा होता. त्यांच्या वडिलांनी ते रेवदंड्याला फुंकलं, काकांनी मुंबईत आणि मग इथे. शेवटचा लांब सूर काका असा ओढत की बायका पडद्याआड डोळे पुसत. दात गेल्यावर त्यांनी एकदा शिंग तोंडाला लावलं होतं. आवाज आला तो सायकलची हवा गेल्याचा.

"झकास!" चेऊलकर म्हणाले, आणि मग जरा ओशाळले. "म्हणजे वाईट झालं. पण केस उभी राहिली. वंशपरंपरेचा धार्मिक मान, कायमचा गेलेला. आता सांगा, ही नंबरांची अदलाबदल तुम्ही कुणाला बोललात का?"

"सगल्यान्ला बोललो. त्यात लपवायचं काय? बाईमानसाला नंबर दिला."

चेऊलकरांनी कपाळाला हात लावला. "काका, डॉक्टरचा वकील म्हणेल, नंबर या माणसानं बदलला म्हणून कागद बदलले. निम्मी चूक तुमचीच. आणि एवढ्यावर भागत नाही. मागल्या आठवड्यात माझ्याकडे एक बाई आली होती. नाव सांगणार नाही, धंद्याचा नियम आहे. पण तिनं माझ्या ऑफिसभर सूर्यफुलाची टरफलं टाकली. तिला डॉक्टरवर दावा करायचाय, आणि शिवाय एका हिंदी माणसावर, ज्यानं गोड बोलून तिच्या गळ्यात भलताच नंबर मारला. मी केस घेतली नाही. पण दुसरा कोणी घेईल."

"म्हंजे मीच फिर्यादी नि मीच आरोपी?"

"तसंच काहीतरी. निदान तिला जाऊन 'चुकलो बाई' म्हणा, कदाचित थंड होईल."

काका ताडकन उठले. "मी? मी कशाला बोलू? मी उपकार केला तिच्यावर!"

चेऊलकरांनी दावा लावला. जाताना त्यांनी काकांना एकच अट घातली. निकाल लागेपर्यंत शिंगाला तोंड लावायचं नाही. कोणी पाहिलं किंवा ऐकलं की केस तिथेच मेली. तिकडे डॉक्टर रूवेनच्या वकिलानंही त्याला अट घातली होती, की काहीही कबूल करायचं नाही. म्हणून रस्त्यात समोरासमोर आले की दोघंही विजेच्या खांबाकडे बघत जात. डॉक्टर तर कधीकधी उघडलेलं तोंड मिटून घेई.

तारीख सणानंतरची पडली. शिंग फुंकायचा मान यित्झाक नवगावकरकडे गेला, ज्याचा त्यावर कितीतरी वर्षं डोळा होता. यित्झाक पोस्टात होता, छाती रुंद, पण कानाला सूर नाही. तो रोज घरी सराव करी आणि शेजारपाजारचे त्याच्या बायकोला विचारत, तब्येत कशी आहे.

सण जवळ आला तशी काकांची तगमग वाढली. एका दुपारी ते शिंग पिशवीत घालून घरांच्या पलीकडे माळावर गेले. नुसतं बघायचं होतं, आपलं काय उरलंय ते. समोरून फुंकलं, हवा. ओठ डावीकडे ओढून, सुळ्याच्या आधारानं फुंकलं, पुन्हा हवा. आणखी थोडं डावीकडे सरकवून फुंकलं, आणि सूर निघाला. चांगला, भरलेला, पहिल्यापेक्षा जरा जाड. दूर चरणाऱ्या उंटानं मान वर केली.

बरं झाल्याची एवढी भीती दुसऱ्या कोणाला कधी वाटली नसेल. काकांनी शिंग पिशवीत कोंबलं, आजूबाजूला पाहिलं आणि चोरासारखे घरी आले.

"वाजलं," ते काकूंना म्हणाले.

"मग रडताव कशाला? वाजवा की सनाला!"

"केस जाईल."

"जाऊंदे. केशीनं काय दात उगवनार हायेत?"

"पन तो चुकलो बोलनार नाय ना मग! कोर्टाबिगर तो तोंड उघडनार नाय."

काकूंनी भाकरी तव्यावर टाकली. "तुमी दोघं पुरुष म्हंजे," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी भाकरीला ऐकवलं.

सणाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉग भरलं. त्या वर्षी गर्दी जास्तच होती. येरुशलेममधले काही मोठे रब्बी बेने इस्राएलांच्या लग्नांच्या वेळी आज्या-पणज्यांपर्यंत चौकशा करायला लागले होते, हे लोक पुरते यहुदी आहेत की नाहीत म्हणून. घरोघर तोच विषय होता. त्यामुळे जो तो ठेवणीतले कपडे घालून आला होता, जरा ताठ मानेनं. आणि शेवटच्या बाकावर, डोक्यावर कोरी करकरीत टोपी घालून, डॉक्टर रूवेन बसला होता. त्याला वकिलानं पाठवलं होतं, वाकरूळकर वाजवतो का बघायला. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण डिमोनात असली गोष्ट माहीत नसणंच कठीण.

यित्झाकनं त्या दिवशी कसंबसं निभावलं. दुसऱ्या दिवशी त्याचा ओठ सुजला होता. पहिला सूर फाटला. दुसरा मध्येच तुटला. खिडकीपाशी शेजारच्या इमारतींतली माणसं उभी होती, मोरोक्कन, रुमानियन, ऐकायला आलेली. तिथे कोणीतरी खुसखुसलं. मग शेवटचा लांब सूर आला. यित्झाकनं छाती भरून घेतली, डोळे मिटले, आणि शिंगातून कोंबडीचा गळा आवळल्यासारखा आवाज निघाला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच. खिडकीत एक माणूस मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "हिंदी लोकांना शोफार कुठून येणार!"

हाईमकाकांना ते वाक्य कानाखाली बसल्यासारखं लागलं. आयुष्यात इतका अपमान त्यांना कधी वाटला नव्हता, खुर्चीत दोन दात गेले तेव्हासुद्धा नाही. त्यांनी मागे वळून, आजही शेवटच्या बाकावर येऊन बसलेल्या डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर त्यांच्याकडेच बघत होता. आता उठलो तर तो शब्द गेला, कायमचा गेला, हे काकांना स्वच्छ कळत होतं. पण उठायचं की नाही हे ठरवायच्या आतच पाय चालायला लागले होते. पुढे जाऊन त्यांनी यित्झाकच्या हातातून शिंग घेतलं. यित्झाकनं ते इतक्या आनंदानं दिलं, की दोघांत एवढी वर्षं चढाओढ होती हे कोणाला खरं वाटलं नसतं.

काकांनी शिंग तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात धरलं आणि फुंकलं.

सूर निघाला आणि थांबेचना. चढत गेला, खोलीत मावेनासा झाला, खिडकीतून बाहेर पडला. हसणाऱ्या माणसानं डोक्यावरची टोपी सारखी केली. पडद्याआड व्हायोलेटकाकू रडत होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, की आता ह्येंची केस गेली. काकांचा श्वास संपला तेव्हा कुठे सूर संपला, आणि सगळी मंडळी एकदम बोलायला लागली.

प्रार्थना आटोपल्यावर डॉक्टर रूवेन माणसं सारत पुढे आला. वाट आपोआप मोकळी झाली. आता हा विजयाचं काहीतरी बोलणार म्हणून यित्झाकनं बाह्या सरसावल्या.

"अदोन वाकरूळकर," डॉक्टर म्हणाला, "तुमची केस संपली ना?"

"संपली," काका म्हणाले. "आज सण, लिहायचं नसतं, सही करता येणार नाही. पण माझा शब्द घ्या. दावा मी मागे घेतला."

"नक्की?"

"नक्की."

"मग आता मी बोलू शकतो." डॉक्टर आणखी एक पाऊल पुढे आला. "चूक माझी आहे. मी तुमचं नाव विचारायला हवं होतं. एक साधा प्रश्न, आणि मी तो विचारला नाही. दुसऱ्या दिवशीच सांगणार होतो, मग गिदोननं गप्प केलं, मग वकिलानं. मला झोप लागत नाही, अदोन. मी चुकलो. मला माफ करा."

हा शब्द मिळाला की काय काय सुनवायचं, हे काकांनी उन्हाळाभर जुळवून ठेवलं होतं. आता एकही वाक्य सापडेना. त्यांनी डॉक्टरचा हात दोन्ही हातांत धरला आणि नुसती मान हलवत राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही. "झालं गेलं," ते आपल्या मोडक्या हिब्रूत म्हणाले. "मानूस हाय, चुकतो. बोलून टाकलं की मोकला झाला. त्यात काय एवढं कठीन?"

"हो का?" पडद्याजवळून आवाज आला.

मिरियामबाई उभी होती. बायकांमधून ती पुढे आली, काकांसमोर थांबली, आणि तोंड उघडून आत बोट दाखवलं. तिथे खालच्या उजव्या बाजूला दाढ नव्हती. डॉक्टरनं घाईघाईनं तिचीही माफी मागितली. तिनं ती मान हलवून घेतली, पण नजर काकांवरून काढली नाही.

"याचं झालं," ती म्हणाली. "आता तुमचं."

काका हसले. मग हसायचे थांबले. "बाई, मी तर तुम्हाला नंबर..." त्यांनी सुरुवात केली, आणि कोणीच मान डोलावेना तसे ते अडखळले. त्यांनी यित्झाककडे पाहिलं. यित्झाक छताकडे बघत होता. व्हायोलेटकाकू मात्र सरळ त्यांच्याकडेच बघत होत्या. काकांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, अगदी डॉक्टर रूवेन रस्त्यात करायचा तसं. एवढासा शब्द होता. इतका लांब सूर काढणाऱ्या माणसाला त्यासाठी श्वास पुरेना.

"चुकलो," ते शेवटी पुटपुटले, मराठीत, आपल्या बुटांकडे बघत.

"मला ती भाषा येत नाही," मिरियामबाई म्हणाली. "हिब्रूत बोला. आणि जरा मोठ्यानं. खिडकीतल्यांना ऐकू येत नाहीये."